रेक्याविकहून एक दिवसाची प्रायव्हेट गाईडेड ट्रिप: आई-बाबा, गुडघे आणि ६ वर्षांची पोरगी. पैसे वसूल होतात का?

आइंडहोव्हनचा_सातारकर

नमस्कार मंडळी. मूळचा सातारचा, सध्या नेदरलँड्समधे. आई-बाबा तीन महिन्यांसाठी आलेत आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण (मी, बायको, आई-बाबा, ६ वर्षांची मुलगी) आइसलँडला चाललोय, चार रात्री, मुक्काम सगळा रेक्याविकलाच. व्हिसाचा प्रश्न नाही, शेंगेनच आहे. प्रश्न फिरण्याचा आहे.

आईचा एक गुडघा बदललेला आहे, दुसरा "बघू पुढच्या वर्षी" मधे आहे. सपाटीवर चालते व्यवस्थित पण जिने म्हटलं की तोंड वाकडं. बाबा रिटायर्ड भूगोलाचे मास्तर, त्यांनी चाळीस वर्षं फळ्यावर पृथ्वीच्या कवचाच्या ज्या प्लेटा सरकवल्या त्या त्यांना आता डोळ्यांनी बघायच्यात, त्यामुळे त्यांच्यामधली भेग जिथे दिसते ते थिंगवेलिर नक्की. मुलीला फक्त गिझर बघायचाय, कारण मी तिला सांगून बसलोय की आपल्या बाथरूममधल्या गिझरचं नाव तिथल्या गेसिरवरून पडलं (खरंच पडलंय, मी उगाच फेकलं नाही).

तर गोल्डन सर्कल (थिंगवेलिर, गेसिर आणि गुत्लफॉस धबधबा असा गोल) बसने करायचं की प्रायव्हेट गाईड घ्यायचा? बसचं तिकीट माणशी १०-१५ हजार क्रोना दिसतंय, प्रायव्हेटवाले एक लाख क्रोनांच्या पुढेच बोलतात, म्हणजे ६०-७० हजार रुपये एका दिवसाचे!! बाबांना आकडा सांगितला नाहीये, सांगितला तर ते हॉटेलच्या खिडकीतूनच आइसलँड बघतील. स्वतः गाडी चालवायचा पर्यायही आहे पण मला तिथल्या वाऱ्याबद्दल वाचून जरा धाकधूक वाटते. कोणी आई-वडिलांना घेऊन केलंय का? आणि एका दिवसात गोल्डन सर्कल + साउथ कोस्ट दोन्ही होतं का?

ध्रुवापाशी_धुळेकर

रेक्याविकला राहतो म्हणून सांगतो, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही होत. म्हणजे गाडीची चाकं फिरतात, माणसं नाही फिरत. कुणी योकुल्सारलोनचं हिमनगांचं तळंसुद्धा "एका दिवसात" म्हणून विकेल तर हात जोडा, ते एका बाजूनेच ३७० किमी आहे, जाऊन येऊन चौदा-पंधरा तासांचा दिवस होतो आणि त्यात तुमच्या आईंनी काय बघायचं, सीटबेल्ट?

आता मुद्द्याचं. प्रायव्हेटचा हिशेब लोक चुकीचा करतात. लोकांना वाटतं चामड्याच्या सीटा आणि पाण्याच्या बाटलीचे पैसे आहेत. तसं नाही, तुम्ही घड्याळ विकत घेताय. बसमधे गाईड सांगतो ४० मिनिटं, की ४० मिनिटं, मग आई बाथरूमच्या रांगेत असोत की मुलगी स्ट्रोक्कुरची (गेसिरशेजारचा दर काही मिनिटांनी उडणारा गरम झरा) "अजून एकदाच" उडायची वाट बघत असो.

आणि दुसरी गोष्ट कुठल्याच वेबसाइटवर नीट लिहिलेली नसते. थिंगवेलिरला एक पार्किंग वर आहे, हाकिद म्हणतात तिथे, व्हिजिटर सेंटरजवळ, आणि दुसरं खाली मैदानात. मधे अल्मान्नाग्याउ, म्हणजे ती मोठी भेग, तिच्या पोटातून रस्ता उतरत जातो. स्वतःच्या गाडीने आलात तर खाली उतरा आणि परत वर चढा, कारण गाडी वर. प्रायव्हेटवाला तुम्हाला वर सोडतो आणि खाली येऊन थांबतो, चढ विषयच संपला. गुत्लफॉसलाही तसंच, वरचं पार्किंग आणि खालचं पार्किंग, मधे जिना. वरून धबधबा बघा, गाडीत बसा, खाली जाऊन जवळून बघा, जिन्याला हात लावू नका. गुडघेवाल्या माणसासाठी हे दोन स्टॉपच लाखाचे आहेत.

(दोन एल एकत्र आले की इथे "त्ल" म्हणतात म्हणून गुत्लफॉस आणि थिंगवेत्लिर. बोर्डावर गुल्लफॉस वाचलंत तरी कोणी रागावत नाही.)

बस हॉटेलच्या दारात येतेच असंही नाही. गावाच्या मधल्या भागात मोठ्या बसेसना बंदी आहे, नंबर टाकलेले बस स्टॉप आहेत तिथे जाऊन उभं राहायचं, सकाळी वाऱ्यात. प्रायव्हेट गाडी दारात येते.

वळणावळणाचा_रस्ता

मी जरा वेगळं बोलणार. दोन वेळा गेलोय, दोन्ही वेळा स्वतः गाडी चालवली, गोल्डन सर्कलला गाईडची गरज नाही राव. अडीचशे किमीच्या आसपासचा गोल आहे, सगळा डांबरी, ९० ची लिमिट, आणि ट्रॅफिक म्हणाल तर आपल्या खंबाटकी घाटात एका ट्रकमागे असतं त्याहून कमी. उजव्या बाजूने चालवायची तुम्हाला सवय आहेच. लाख क्रोनांत तुम्ही दोन-तीन दिवस गाडी ठेवाल.

फक्त वाऱ्याची गोष्ट खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. मला पहिल्या ट्रिपला शिकवणी मिळाली. पार्किंगमधे मागून वारा होता, बायकोने नेहमीसारखं दार उघडलं आणि ते तिच्या हातातून असं गेलं की बिजागरी वाकली, पुढे दोन दिवस दार धरून बसलो. भाड्याच्या गाडीचा सगळा इन्शुरन्स घेतलेला होता, परत करताना कळलं की वाऱ्याने दार गेलं तर ते कशातच बसत नाही. वाळू आणि राखेचंही वेगळं कव्हर असतं तिथे. मला वाटलं होतं राख म्हणजे सिगरेटची, नंतर ट्यूब पेटली की ज्वालामुखीची. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून पार्क करा आणि दार दोन हातांनी उघडा, एवढं पाळलं तर बाकी काही नाही.

मुलगी १३५ सेंमीच्या आत असेल तर चाइल्ड सीट लागते, गाडी घ्या की गाईड घ्या, आधी सांगून ठेवा.

फसलेली_कोथरूडकरीण

प्रायव्हेट घ्या पण आधी शब्द तपासून घ्या, मी कळवळून सांगतेय. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, एका बुकिंग साइटवर ठळक अक्षरात "पर्सनलाइज्ड" लिहिलं होतं, पैसे भरले, सकाळी बघते तर मिनीबसमधे आधीच अकरा जण! विचारलं तर म्हणे हा स्मॉल ग्रुप आहे, पर्सनलाइज्ड म्हणजे गाईड तुमचं नाव लक्षात ठेवतो. ठेवलं बिचाऱ्याने, माझं आडनाव दिवसभर अचूक घेत होता, पण सासूबाईंना गेसिरला दहा मिनिटं जास्त हवी होती ती काही मिळाली नाहीत.

त्यामुळे मेल करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. भाव गाडीमागे आहे का माणशी (खरं प्रायव्हेट असेल तर गाडीमागेच असतो, मग तीन माणसं बसा नाहीतर सात), गाडीत आमच्याशिवाय कोणी नसणार ना, जो गाडी चालवतो तोच गाईड का आणि तो आमच्याबरोबर खाली उतरून चालणार का गाडीतच मोबाइल बघत बसणार, पार्किंगची फी कोणाची, रस्ता बंद झाला तर पैसे परत की तारीख बदलून. जो चार ओळींत सरळ उत्तर देतो त्याला घ्या. जो "एव्हरीथिंग इज पॉसिबल माय फ्रेंड" लिहितो त्याला नाही.

ध्रुवापाशी_धुळेकर

@फसलेली_कोथरूडकरीण ताई, बरोबर. त्यात एक भर घालतो, इथे डे-टूर विकायला टुरिस्ट बोर्डाचं लायसन लागतं, फेर्दामालास्तोफा नाव आहे त्या ऑफिसचं. साइटवर त्याचं चिन्ह असतं. कोणी फेसबुकवर "मी फिरवतो, कॅश द्या" म्हणाला तर नको.

@वळणावळणाचा_रस्ता दादा, तुमचं पण चूक नाही, तरुण जोडपं असतं तर मीही हेच म्हणालो असतो. पण चालवणारा माणूस काहीच बघत नाही हो. आपला सातारकर आई-बाबांबरोबर फिरायला चाललाय, त्यांचा ड्रायव्हर व्हायला नाही.

गुडघा_आणि_मी

फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून राहवत नाही. वरून खाली सोडणं छान आहे पण गुडघ्याच्या पेशंटला चढापेक्षा उताराचा त्रास जास्त होतो हे लक्षात ठेवा. थिंगवेलिरचा तो उतार रुंद आहे, फळ्या टाकलेल्या आहेत, जिन्यासारखा नाही त्यामुळे जमेल, पण दोन काठ्या घ्या, एक नाही. फोल्डिंग ट्रेकिंग पोल विमानात चेक-इन बॅगेत टाका. आणि आईंना सांगा की मधे थांबायचं, फोटोच्या निमित्ताने थांबायचं, म्हणजे कोणी विचारत नाही.

आइंडहोव्हनचा_सातारकर

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, आईला वाचून दाखवलं, "फोटोच्या निमित्ताने" वर खूष आहे. म्हणजे गोल्डन सर्कल प्रायव्हेट हे ठरत आलं. पण मग साउथ कोस्ट? बायकोला काळ्या वाळूचा बीच हवाय. तो दुसऱ्या दिवशी बसने करावा का? आणि जेवणाचं काय, आई-बाबा शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

तीळगूळ_इन_तुंद्रा

जेवणाचं मी सांगते!! गोल्डन सर्कलवर रेखोल्टला फ्रिदहेइमर म्हणून टोमॅटोचं ग्रीनहाउस आहे, जमिनीतल्या गरम पाण्यावर उबदार ठेवलेलं, हिवाळ्यातही दिवे लावून टोमॅटो काढतात. टेबलं तिथेच वेलींच्या मधे मांडलीयेत आणि डोक्यावरून भुंगे फिरतात कारण परागीभवन तेच करतात. टोमॅटो सूप आणि ताजा ब्रेड, हवं तितकं घ्या, टेबलावर तुळशीच्या जातीची बेसिलची कुंडी आणि कात्री, स्वतः कापून घाला. माझ्या आईने पहिल्या घोटाला "आपलं सार बरं" म्हणून तीन वाट्या घेतल्या. बुकिंग आधी करा, ऐन वेळी जागा नसते. गाईडला सांगितलं तर तो वेळ बसवून देतो.

बाकी ठिकाणी शाकाहार म्हणजे चिप्स आणि स्किर (चक्क्याच्या जवळचं दही, आईंना आवडेल). दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी जवळ ठेवाच. पाणी विकत घेऊ नका, नळाचं गार पाणी एक नंबर आहे, गरम नळाला मात्र सडक्या अंड्यासारखा वास येतो, गंधकाचा, त्यावरून हॉटेलशी भांडू नका. माझ्या नवऱ्याने भांडून झालंय.

ध्रुवापाशी_धुळेकर

साउथ कोस्टबद्दल. वीक गावापर्यंत जायचं तर १८० किमीच्या वर एका बाजूने, थांबत थांबत दहा-अकरा तास. सेल्यालांड्सफॉस धबधब्याच्या मागून चालत जातात तो फोटो सगळ्यांना हवा असतो पण ती वाट ओली, दगडी, निसरडी, आईंनी समोरूनच बघावा, समोरून ६० मीटरची धार काही कमी नाही. स्कोगाफॉस तुमच्यासाठी जास्त चांगला, सपाट खडीवरून थेट पायथ्याशी जाता येतं. बाजूला पाचशेच्या वर पायऱ्या आहेत त्या मुलीला दिसू देऊ नका.

रेनिसफ्यारा, म्हणजे काळी वाळू, इथे मात्र मी गंभीर होऊन लिहितोय. तिथे माणसांचे जीव गेलेत. लाटा शांत दिसतात आणि मग एक अशी येते की तिच्या आधीच्या दहा लाटांचा तिच्याशी संबंध नसतो, पायाखालची वाळू काढून घेते आणि पाणी बर्फासारखं. दिव्यांचा सिग्नल लावलाय वाटेवर, लाल असेल तर त्या दिवशी वाळूवर उतरायचंच नाही. समुद्राकडे पाठ करून फोटो नाही, मुलीचा हात सोडायचा नाही. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

दोन दिवस प्रायव्हेट परवडत नसेल तर साउथ कोस्ट स्मॉल ग्रुपने तुम्ही दोघं आणि मुलगी जा, आई-बाबांना त्या दिवशी गावात ठेवा. हात्लग्रिम्सकिर्क्या चर्चच्या टॉवरला लिफ्ट आहे, वरून रंगीत पत्र्यांची छपरं दिसतात, खाली तळ्यावर बदकं, आणि संध्याकाळी गरम पाण्याचा सार्वजनिक पूल, तो गुडघ्याला कुठल्याही ट्रिपपेक्षा चांगला. पोहण्याआधी कपडे काढून साबणाने आंघोळ करावी लागते, सगळ्यांच्या समोर, हे बाबांना आधी सांगा.

आदल्या रात्री वेदुरवर, म्हणजे इथल्या हवामान खात्याच्या साइटवर, हवामान बघा. पिवळा इशारा असेल तर गाईडला विचारा, केशरी असेल तर गाईड स्वतःच फोन करेल.

वळणावळणाचा_रस्ता

बाबांना सार्वजनिक आंघोळीचं आधी सांगितलंत तर ते जाणार नाहीत. तिथे गेल्यावर सांगा.

आइंडहोव्हनचा_सातारकर

(तीन आठवड्यांनी) मंडळी परत आलो, सगळे सुखरूप, लिहायला उशीर झाला.

गोल्डन सर्कल प्रायव्हेटच केलं. गाईड बाई होत्या, साठीच्या, आधी शाळेत शिकवायच्या. बाबांना पुढच्या सीटवर बसवलं आणि मग दोन मास्तर एकत्र आल्यावर जे होतं ते दिवसभर झालं. थिंगवेलिरला वर सोडलं, खाली घेतलं, अगदी धुळेकरांनी सांगितलं तसं, आई दोन काठ्या घेऊन फोटोच्या निमित्ताने सात वेळा थांबली. बाबा भेगेच्या कड्याला हात लावून उभे राहिले, बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग त्या बाईंनी सांगितलं की दोन्ही प्लेटा वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर लांब जातात, तर बाबा म्हणाले माझी नखं याहून जास्त वाढतात. ९३० सालापासून इथेच उघड्यावर त्यांची पार्लमेंट भरायची, कायदा सांगणारा माणूस खडकावर उभा राहून तोंडपाठ कायदे म्हणायचा, हे आईला आवडलं, "म्हणजे कीर्तनच की".

स्ट्रोक्कुर मुलीने सहा वेळा बघितला. सहा!! ते पाणी उडायच्या आधी एक निळा फुगा येतो, काचेचं घमेलं पालथं घातल्यासारखा, अर्धं सेकंद, आणि मग फुटतो. तिला तो फुगाच बघायचा होता, वरचा फवारा नाही. बसने आलो असतो तर दोन वेळा झालं असतं. वारा कुठून येतो ते बघून उभे राहा, आम्ही पहिल्यांदा चुकीच्या बाजूला होतो, गंधकाचा वास जॅकेटला अजून आहे.

पण खरी गोष्ट यातली कुठलीच नाही. जेवणानंतर गुत्लफॉसहून परत येताना रस्ता मेंढरांनी भरला. उन्हाळाभर वर डोंगरात मोकळी सोडलेली असतात आणि सप्टेंबरात गावोगावची माणसं घोड्यांवरून जाऊन हाकलत खाली आणतात, रेत्तिर म्हणतात. आम्हाला माहीतच नव्हतं. बाईंनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, म्हणाल्या घाई आहे का? आम्ही म्हणालो नाही. मग त्यांनी थोडं पुढे कच्च्या रस्त्याला नेलं तिथे एक गोल वाडा, दगड आणि लाकडाचा, चाकाला आरे असतात तसे त्याचे कप्पे, एकेका शेताचा एकेक कप्पा. मधे सगळी मेंढरं कोंबायची आणि मग कानाची खूण बघून ज्याचं त्याने शिंगाला धरून ओढत आपापल्या कप्प्यात न्यायचं. म्हातारे, पोरं, सगळे चिखलात, कोणीतरी गात होतं. मुलीच्या हातात एका आजोबांनी कोकराचं शिंग दिलं आणि ते कोकरू तिलाच ओढत घेऊन गेलं.

आई काठ्या टेकून कठड्याशी उभी. ती माणची आहे, माहेरी दारावरून धनगरांचे कळप जायचे. गाईडबाईंना मराठीतच म्हणाली, "आमच्यातबी कानावरच खूण असती." मी भाषांतर करायला लागलो तर बाई म्हणाल्या कळलं, कारण आईने स्वतःचा कान धरून दाखवला होता. पाऊण तास थांबलो तिथे. केरिदचं विवर राहिलं, कोणाला आठवणही आली नाही.

साउथ कोस्ट आम्ही तिघं गेलो ग्रुपने, छान झालं पण पळापळ. रेनिसफ्याराला दिवा पिवळा होता, लांबूनच बघितलं. तिथले ते काळे खांब म्हणजे बेसाल्टच, बाबांना फोटो दाखवला तर म्हणाले अंधेरीला गिल्बर्ट हिल बघितली नाहीस ना कधी, आणि अर्धा तास सुरू. थिंगवेलिरचा एक खडा ते खिशात टाकायला बघत होते, बाईंनी प्रेमाने परत ठेवायला लावला, आई म्हणे सातारला परसात हाच काळा दगड पडलाय, इथून कशाला ओझं.

आकडा शेवटी कळला त्यांना, बायकोच्या तोंडून. दोन दिवस बोलले नाहीत.

फसलेली_कोथरूडकरीण

वा!! मेंढरांचं वाचून हेवा वाटला. टिप किती दिलीत गाईडला? आम्ही डिसेंबरला परत जायचं म्हणतोय.

ध्रुवापाशी_धुळेकर

टिपची पद्धत नाही इथे, दिलीत तर घेतील, नाही दिलीत तर वाईट वाटून घेणार नाहीत. डिसेंबरला उजेड चार-पाच तासच असतो ताई, सव्वाअकराच्या पुढे सूर्य आणि साडेतीनला अंधार, तेव्हा पिकअप नऊचा असला तरी थिंगवेलिरला उजाडेपर्यंत थांबायची तयारी आहे का ते मेलमधे विचारा. मेंढरं तेव्हा गोठ्यात असतात.

आइंडहोव्हनचा_सातारकर

टिप नाही दिली, आईने शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. डबा परत घ्यायचा राहिला, स्टीलचा, झाकणावर आजीचं नाव कोरलेला. धुळेकर, तुम्ही त्याच गावात आहात, नंबर पाठवतो, जमलं तर बघा ना.